सात सीट आणि मास्तर

शिक्षकदिनाला मी एका निवृत्त कंडक्टरचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार केला. माझ्या सेक्रेटरीपदाच्या कारकिर्दीतला तो पहिला कार्यक्रम.

चूक अगदीच बिनबुडाची नव्हती. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक उंच, वाळकुडे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ एकटेच राहत. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत. मी नुकताच सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो आणि पाण्याच्या टाकीपेक्षा जरा वरच्या दर्जाचं काहीतरी करून दाखवावं अशी मला हौस होती. तेव्हा मास्तरांना पार्किंगमध्ये खुर्चीवर बसवलं, मागे एक बरी चादर लावली आणि 'ज्ञानदानात उभी हयात घालवलेल्या' वगैरे सात-आठ मिनिटं बोललो. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. शाल पांघरून घेतली, नारळ मांडीवर ठेवला. दोन शब्द बोला म्हटल्यावर उठले.

"मी एकतीस वर्षं कंडक्टर होतो," ते म्हणाले. "ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात. शाल चांगली आहे." आणि बसले.

नंतर मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, अहो, आधी सांगायचं नाही का? तर म्हणाले, "तुमचं भाषण सुरू झालं होतं, सेक्रेटरी. चालत्या गाडीतून उतरू नये."

घरी बायकोला सांगितलं तर तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. मग मला का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर मी विचारलंच नव्हतं एवढं तिने कळवलं.

मास्तर आता आमच्या बिल्डिंगमध्ये नाहीत. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे पुण्याला राहायला गेले. त्यांच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं आलंय. चांगली मुलं आहेत, लिफ्टमध्ये शिरली की मोबाइलकडे बघतात. मास्तर लिफ्टमध्ये शिरले की माणसांकडे बघत. दाराकडे पाठ, पाय थोडे फाकवलेले, एक खांदा भिंतीला टेकवलेला. चार माणसांची लिफ्ट, पण 'पुढे सरका, मधे जागा आहे' म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मजला आला की विचारत, 'तिसरा, तिसरा कोण आहे?' तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सुरुवातीला याचा राग मानत. पुढे पुढे मास्तर लिफ्टमध्ये असले की त्या विचारल्याशिवाय उतरेनाशा झाल्या.

ते कुणाच्या घरी बसत नसत. चहा दारात उभं राहून घेत, डाव्या हाताने चौकटीची वरची पट्टी धरून. धरायला काही नसलं की त्यांचा तो हात थोडा वेळ हवेतच राही. पेपरचं पान उलटताना अंगठा जिभेला लावत. 'सव्वासहा' असं कधी म्हणाले नाहीत, 'सहा चौदा' म्हणत. नऊ पन्नासला झोपतो म्हणाले की नऊ एक्कावन्नला दिवा बंद. माणसांचेही त्यांनी प्रकार पाडले होते. काही साधी, काही जलद, काही विनाथांबा. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त वकील विनाथांबा, कारण ते बोलायला लागले की मधे कुठे उतरायची सोय नसे. मला त्यांनी कशात घातलंय, असं मी एकदा धीर करून विचारलं. "साधी," ते म्हणाले. "कुणीही हात केला की थांबते." मी ती स्तुती समजलो. बायकोचं मत वेगळं पडलं.

रविवारी डोंगरावर जायचं खूळ आमच्या डोक्यात डॉक्टरांनी घातलं. आम्ही बिल्डिंगमधले आणि आसपासचे सात जण, सगळे पन्नाशीच्या अल्याडपल्याडचे, सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये काही ना काही वर गेलेलं. त्यात सतीश, ज्याचं नाशिकच्या द्वारका चौकात मेडिकलचं दुकान आहे आणि ज्याच्याकडून आम्ही बाकीचे गोळ्या घेतो. दुसरा बापू, मूळ निफाडकडचा. द्राक्षबाग तिकडे, आणि मुलांच्या शिक्षणासाठी फ्लॅट इकडे. वजनाने आमच्यात सर्वांत मोठा, आवाजानेही. उरलेल्या चौघांची नावं सांगून उपयोग नाही, ते सगळे सारखेच दमत.

मास्तर येण्याआधी आमच्या चालण्याला काही शिस्त नव्हती. ज्याला जसं वाटेल तसं तो चाले. एकदा सतीश धुक्यात रस्ता चुकून डोंगराच्या पलीकडच्या गावात उतरला आणि तिथून फोन करून, 'तुम्ही सगळे कुठे हरवलात?' असं आम्हालाच विचारू लागला. हा किस्सा बापू लिफ्टमध्ये रंगवून सांगत होता. मास्तर ऐकत होते. हसले नाहीत. पुढच्या रविवारी पहाटे पाच पन्नासला पार्किंगमध्ये आलो तर ते आमच्याआधी उभे. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला स्टीलची पाण्याची बाटली, हातात तिकिटाचा पंच.

तो पंच त्यांचा नोकरीतला नव्हता. तो त्यांनी निवृत्तीच्या दिवशी डेपोत जमा केला होता आणि नंतर हात रिकामा वाटायला लागला म्हणून जुन्या बाजारातून तसाच एक शोधून आणला होता. पंच बाटलीवर एकदा वाजला, टण, की थांबायचं. दोनदा, टण टण, की निघायचं. मास्तर सगळ्यांत मागे चालत. कंडक्टरची जागा मागेच, असं त्यांचं म्हणणं. पुढे कोण चालतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, तो ड्रायव्हरचा प्रश्न.

आम्ही जास्त करून अंजनेरीला जायचो. त्र्यंबक रस्त्याला घरापासून पाऊण तास. खालच्या गेटपासून चढायला लागलं की आधी झाडी, मग दोन कड्यांच्या मधल्या घळीतल्या पायऱ्या, मग एकदम मोकळं पठार, देऊळ, आणि पुढे तळं. मास्तरांनी या सगळ्याचे स्टॉप ठरवून टाकले होते. गेट, घळ, देऊळ, तळं. यांच्या अधेमधे ज्याला दम लागेल त्याने हात वर करायचा, त्याला 'विनंती थांबा' असं नाव होतं. एका फेरीत एका माणसाला दोनच विनंती थांबे मिळत. बापू दोन्ही थांबे गेट ते घळ यातच संपवून टाकी आणि मग सतीशकडे त्याचे मागे.

"लय नाय, एक दे ना. तुला कुठं लागतोय?"

"बापू, उधारी दुकानात. इथे नाही," सतीश म्हणे.

घळीतल्या पायऱ्यांवर माकडं असतात. पिशवी दिसली की जवळ येतात. मास्तर त्यांच्याशीही नियमाने वागत. एखादं आमच्यामागून दोन-चार पायऱ्या चढायला लागलं की मास्तर वळून त्याला अगदी शांतपणे, 'तुम्ही मागच्या गाडीने या' म्हणत. ते थांबे. कशाने थांबे हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी एकदा करून बघितलं, तर माझी टोपी गेली.

प्रत्येक स्टॉपवरून निघताना मोजणी होई. 'सीट' म्हणजे माणूस. मास्तर प्रत्येकासमोर येऊन उभे राहत, तोंडाकडे बघत आणि आकडा पुटपुटत. चष्म्यावर धुकं असलं तर पुसायला लावत. "सात सीट," म्हणत आणि मग टण टण.

पहिल्याच दिवशी बापूने शंका काढली होती. "मास्तर, आपण तर आठ हाय की."

"सात."

"अहो, हे सात, अन् तुम्ही?"

"कंडक्टर सीट नसतो," मास्तर म्हणाले. बापूने माझ्याकडे बघितलं. मी सेक्रेटरी या नात्याने मान हलवली.

तळं मोठं देखणं आहे. पठाराच्या खळग्यात निवांत पडलेलं, भोवती पावसाळ्याच्या अखेरीस पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा. मारुतीचं पाऊल उमटून ते झालं असं म्हणतात. वरच्या कड्यावरून पाहिलं तर खरंच पावलासारखं दिसतं. आम्ही काठावर बसून डबे सोडायचो आणि तळ्याकडे बघत जेवायचो. मास्तर तळ्याकडे पाठ करून बसत. पाण्याला पाठ, तोंड आमच्याकडे. दोन वर्षं मी हे पाहत होतो. शेवटी न राहवून म्हटलं, मास्तर, एवढं चढून येता, जरा वळून तरी बघा.

"तळं कुठे जातंय?" ते म्हणाले. "माणसं जातात."

वणीची गोष्ट त्यांनी तिथेच सांगितली. नोकरीत लागून तीन-चार वर्षं झालेली, चैत्राची यात्रा, वणीहून नाशिकला येणारी गाडी खचाखच. वाटेत एका स्टॉपवर पाणी प्यायला लोक उतरले. निघायच्या वेळी यांनी दारातून ओरडून विचारलं, आली का सगळी? कुणीतरी म्हणालं, आली आली. यांनी दोरी ओढली. तीनेक मैलांवर एका बाईच्या लक्षात आलं की सासूबाई गाडीत नाहीत. ड्रायव्हर गाडी वळवायला तयार होईना, मागे गाड्यांची रांग. मास्तर उतरले, समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोला हात केला आणि परत गेले. म्हातारी स्टॉपवरच होती. प्रसादाचं गाठोडं उशाला घेऊन सावलीत आडवी झाली होती. घाबरलेली नाही, रडलेली नाही.

"मला म्हणाली, 'तू माझ्या तोंडाकडं एकदा तरी बघितलं व्हतं का रे?'" मास्तर म्हणाले. "मी म्हणालो, नाही. तर म्हणाली, 'मंग बरोबर हाय.'" एवढं सांगून त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. त्या दिवसानंतर एकतीस वर्षं पुरी होईपर्यंत त्यांच्या गाडीतून कुणीही मागे राहिलं नाही. हे ते अभिमानाने सांगत नसत. वेळापत्रक सांगावं तसं सांगत.

आता मी ज्या रविवारची गोष्ट सांगणार आहे तिच्या आधी महिनाभर मास्तरांचा उजवा गुडघा आखडायला लागला होता. ते बोलले नव्हते, पण लिफ्टमध्ये ते आता भिंतीला खांदा नुसता टेकवत नव्हते, भार टाकत होते. मुलगी गणपतीला आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. बाबांचं डोंगरावर जाणं बंद, आणि जमलं तर इथलं एकटं राहणंही बंद, असं ती आमच्या घरी येऊन बोलली. माझ्याशी नाही, बायकोशी. मास्तर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा हात चौकटीवर होता.

"मग मी रविवारी काय करू?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

शेवटी तह झाला. एक फेरी करून बघायची. ती नीट पार पडली तर पुढचं पुढे, आणि काही वावगं झालं तर डोंगर बंद आणि दिवाळीनंतर पुण्याला. अट एकच, बाबांनी सगळ्यांच्या मागे एकटं चालायचं नाही, मधे चालायचं.

"काकू, तुमच्या शब्दावर पाठवते हं," ती म्हणाली.

बायको म्हणाली, "हे असतात ना बरोबर." 'हे' म्हणजे मी.

मधे चालायचं म्हणजे मास्तर सीट झाले. आणि मागे कुणीतरी हवं, म्हणून त्या रविवारी गेटवर त्यांनी पंच आणि बाटली माझ्या हातात दिली. "आज ड्यूटी तुमची, सेक्रेटरी," ते म्हणाले. मला काय वाटलं ते मी आता सांगू शकतो. मला फार बरं वाटलं. सात वर्षं सेक्रेटरी राहून मला कुणी शिट्टीसुद्धा दिली नव्हती.

चढताना सगळं ठीक झालं. मास्तर मधे होते, बापूच्या पुढे. गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी एकही विनंती थांबा मागितला नाही आणि मी तीन दिले, तिन्ही बापूला. थांबवायच्या वेळी मी एकदा चुकून एकाऐवजी दोनदा टण वाजवलं आणि सगळे न थांबता पुढे निघाले, तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं फक्त. तळ्यावर पोहोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. जेवलो. जेवता जेवता त्र्यंबकच्या बाजूने ढग आले आणि बघता बघता सगळं पठार पांढरं झालं. समोरचं तळं गेलं, मग दहा पावलांवरची सोनकी गेली. बारीक भुरभुर सुरू झाली. सगळ्यांनी रेनकोट चढवले, टोप्या ओढल्या. आता निघालेलं बरं असं ठरलं.

मी मोजणी केली. लोक रांगेत उभे होते, मी शेवटून सुरुवात केली. चष्मा ओला, समोर रेनकोटचे नुसते आकार. एक, दोन, तीन, असं पाठीवर हात ठेवत पुढे गेलो. सहा झाले. आणि मी, सात. सात सीट. बरोबर. टण टण.

धुक्यात एकामागे एक चालताना कुणी बोलत नाही. सगळं लक्ष पायांकडे. घळीत पायऱ्या ओल्या होत्या म्हणून अजूनच. घळीच्या तोंडाशी मी पुन्हा मोजले. सात. माझा मलाच अभिमान वाटला. दोनच्या सुमाराला गेटवर पोहोचलो. तिथे एक बाई चहा विकतात. बापूने नेहमीप्रमाणे आठ सांगितले, बाईंनी आठ कप ट्रेमध्ये आणले. आम्ही उचलले. ट्रेमध्ये एक राहिला.

"हा कोणाचा?" बाईंनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग सगळ्यांनी डोंगराकडे बघितलं. डोंगर दिसत नव्हता.

सतीशने फोन लावला. वर रेंज नसते हे त्यालाही माहीत होतं, तरी तो लावत राहिला. बापूने माझ्याकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "तू मोजले व्हते ना?" मी म्हणालो, मोजले होते. मी खोटं बोलत नव्हतो, हीच त्यातली वाईट गोष्ट.

आम्ही परत चढायला लागलो. सातही जण. खाली थांब म्हणून कुणी कुणाला म्हणालं नाही. बापूचा चेहरा पायऱ्यांपर्यंतच लाल झाला होता, पण त्या चढावर विनंती थांबा कुणी मागितला नाही. अर्ध्या घळीत असताना मला माझी चूक उमगली आणि मी तिथेच क्षणभर कड्याला हात लावून उभा राहिलो. मास्तर मोजायचे तेव्हा मोजणारे ते आणि सीट आम्ही सात. आज मोजणारा मी. म्हणजे सीट सहा जण आणि मास्तर. मी मोजले सहा जण आणि मी. आकडा तोच, सात. मास्तरांच्या जागी मी स्वतःला बसवलं होतं.

हे मी सतीशला सांगायला लागलो. तो म्हणाला, "चल आता, वर जाऊन हिशोब कर."

पठारावर आलो तेव्हा धुकं विरळ झालं होतं. देवळापासून हाका मारत निघालो. एकाच वेळी मारल्याने कुणालाच उत्तर ऐकू येत नव्हतं, शेवटी बापूने सगळ्यांना गप्प केलं. मग तळं दिसायला लागलं. काठावरच्या एका दगडावर मास्तर बसले होते. उजवा पाय सरळ पुढे ताणलेला, डोक्यावर रेनकोटची टोपी, हात मांडीवर. तोंड तळ्याकडे. आम्ही मागून येत होतो, त्यामुळे आम्हाला त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ तशी दिसायची सवय नसल्याने आम्ही सगळे जरा अडखळलो.

"मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी वळून बघितलं. एकेकाच्या तोंडाकडे. त्यांचे ओठ हलत होते.

झालं होतं ते असं. हात धुवायला ते काठावर खाली वाकले आणि गुडघा अडकला. उठता येईना. तेवढ्यात ढग आला. आमची टण टण त्यांना स्वच्छ ऐकू आली होती, आम्ही तीस-चाळीस पावलांवरच होतो. कसेबसे सरकत ते दगडावर चढून बसले.

"मग ओरडायचं नाही का?" सतीश जवळजवळ रागावून म्हणाला. त्याने तोपर्यंत बॅगेतून स्प्रे आणि क्रेप बँडेज काढलं होतं आणि गुडघे टेकून बसला होता.

"बेल झाली होती," मास्तर म्हणाले. "बेल झाल्यावर ओरडणाऱ्यांना मी एकतीस वर्षं एकच सांगत आलो. वेळेवर यायचं."

सतीश बँडेज गुंडाळत होता. मास्तर थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं, गेटपर्यंत तुमच्या लक्षात येईल."

"गेटवर आलं," मी म्हटलं. "चहाच्या वेळी."

"किती मोजले होते?"

"सात."

"शेवटचा कोण?"

मी म्हटलं, "मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, एखाद्या नव्या भरती झालेल्या पोराकडे बघावं तसं. मला वाटलं, 'कंडक्टर सीट नसतो' हे आपलं वाक्य ते म्हणतील. ते म्हणाले नाहीत. मी पंच आणि बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही.

"ड्यूटी संपली नाही तुमची," म्हणाले. आणि मग तळ्याकडे हात करून, "हे पावलासारखं अजिबात दिसत नाही हो. धुकं विरल्यापासून बघतोय."

"वरून दिसतं," मी म्हटलं.

"असेल."

उतरताना बापूने त्यांचा एक हात खांद्यावर घेतला. मास्तर नको म्हणत होते. "अहो टाका हात," बापू म्हणाला, "हंगामात द्राक्षाचे क्रेट उचलतो मी. तुम्ही काय, नुसता वेल हाय." घळीतल्या पायऱ्या ते बसत बसत उतरले, एकेक. प्रत्येक स्टॉपला मी सगळ्यांच्या समोर जाऊन तोंडाकडे बघून मोजत होतो, आणि दर वेळी मास्तरांपासून सुरुवात करत होतो. गेटवर आलो तेव्हा सहा वाजत आले होते. चहावाल्या बाईंनी न विचारता आठ कप दिले.

गाडीत मास्तरांनी मुलीला फोन लावला. "गाडी आली," ते म्हणाले. "हो, उशीर झाला. एक सीट वर राहिली होती, परत जाऊन घेतली." पलीकडून तिने कोण राहिलं होतं असं विचारलं असावं. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होतं एक म्हातारं." आणि फोन ठेवला. एकही शब्द खोटा नव्हता. बापू पुढच्या सीटवर बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. आपणही गप्प बसायचं, असं न बोलता ठरलं. यातलं काही पुण्याला कळलं तर डोंगर बंद, दिवाळीनंतर घर बंद, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी घरी आलो. बायकोने दार उघडलं आणि पहिलं वाक्य, मास्तर कसे आहेत. मी म्हणालो, छान. ती बघत राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या बघण्यापुढे मी किती वेळ टिकतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. बूट काढेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं होतं.

तिने मोबाइल घेतला. मी म्हटलं, अगं, कशाला? त्यांचं जाणं बंद होईल.

"शब्द मी दिलाय," ती म्हणाली, आणि पुण्याला फोन लावला.

तिने काही लपवलं नाही. गुडघा अडकला, धुकं होतं, यांनी मोजायला चूक केली, बाबा चार तास एकटे होते, आता पाय शेकून पडलेत. मी ओट्याला टेकून उभा होतो आणि मनातल्या मनात मास्तरांचं सामान टेम्पोत चढवत होतो. मग मुलीने काहीतरी विचारलं. बायको म्हणाली, "सगळे गेले परत वर. सातही जण. हो, बापूभावजीसुद्धा." त्यानंतर बायको नुसतं हं, हं म्हणत होती, आणि तिचा आवाज सैल झालेला मला कळत होता. फोन ठेवून तिने सांगितलं की जाऊ द्या म्हणाली ती. गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं, गळ्यात शिट्टी घालायची, आणि परत असं गोलगोल बोललात तर मात्र खरंच घेऊन जाईन असं बाबांना सांगा म्हणाली. त्यानंतर तीन वर्षं मास्तर आमच्याबरोबर येत होते, मधे चालत, गळ्यात शिट्टी घालून. ती त्यांनी कधी वाजवली नाही.

पण त्या संध्याकाळी मला जरा हुशारी वाटायला लागली. मी बायकोला समजावून सांगू लागलो की ही चूक साधी नव्हती, तिच्यात एक तत्त्व होतं. कंडक्टर सीट नसतो. म्हणजे मास्तर मोजायचे तेव्हा ते धरून आठ असूनही सात; आज मी कंडक्टर, तेव्हा मी वजा, मास्तर जमा, तरीही सात; पण मी स्वतःला धरलं, म्हणून मास्तर सुटले, आणि तरीही बेरीज सातच येते. मी बोटांवर करून दाखवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आठ जण गेला होतात ना?" ती म्हणाली. "मग आठ मोजायचे. हात धुवा, पानं घेतलीत."